चंचीतली भुकटी

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला रसायनांची भीती वाटते, हे कुणी बोलून दाखवत नाही. मी दाखवते. प्रयोगशाळेत शिरताना मला रोज भीती वाटते, आणि ती वाटते म्हणूनच मी आजवर धडधाकट आहे असं माझं ठाम मत आहे. पण यंदाच्या उन्हाळ्यात जी भीती वाटली, तिच्यापुढे ही रोजची भीती काहीच नव्हती.

हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. विषय सांगितला की लोक "अरे वा" म्हणतात आणि चहाच्या कपात बघायला लागतात. म्हणून लांबण न लावता सांगते. औषधांच्या रेणूंत अणूंच्या कड्या असतात. दोन कड्या असल्या की त्या बहुतेक वेळा एक अख्खी बाजू वाटून घेऊन शेजारीशेजारी बसतात आणि सगळा रेणू पापडासारखा सपाट होतो. आमच्या दोन कड्या मात्र एकाच कार्बनवर भेटतात. एक आडवी आणि दुसरी तिला काटकोनात उभी. अशा रेणूला स्पायरो म्हणतात. सपाट रेणू शरीरात कुठंही सरकतो, नको तिथं चिकटतो. हा ताठ रेणू ठरलेल्या खोबणीतच बसेल, अशी औषधवाल्यांना आशा असते. आशाच बरं का, खात्री नाही.

तो मधला एक कार्बन जुळवायच्या नाना रीती आहेत. कुणी महागडे धातू वापरतं, कुणी प्रकाशाचे झोत टाकतं, कुणी एकेक कडी टप्प्याटप्प्यानं बांधत बसतं. आमच्या विभागात धातू नाहीत, झोत टाकायला दिवे नाहीत आणि वीज असली तर असते. आम्ही सगळं एकाच भांड्यात करतो. आयसॅटिन नावाची केशरी पूड, मॅलोनोनायट्राइल, आणि तिसरा एक घटक. त्या तिसऱ्यात आम्ही आमचा बदल करतो. पाणी आणि अल्कोहोल घालून गरम करत ढवळायचं. आधी भांडं लालभडक होतं, मग रंग उतरत जातो आणि पांढरी भुकटी तळाशी बसते. केशरी रंग गेला म्हणजे काम झालं. केशरी राहिला तर आयसॅटिन उरलंय, आणि आयसॅटिन उरलंय म्हणजे त्याचा जोडीदारही उरलाय.

ह्या जोडीदाराला, म्हणजे मॅलोनोनायट्राइलला, मी भिते. हे पोटात गेलं की शरीर त्यातून सायनाइड काढतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते बाटलीत आपोआप वितळतं. घट्ट असतं तोवर चमच्यानं घेता येतं, वितळलं की बाटली हातात धरायचीही नको वाटते. झाकण उघडताना मी श्वास धरते. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, हसतात. "अहो मॅडम, मास्क आहे की." आहे, पण मी श्वास धरतेच.

माझं हे सगळं चालतं ते आत्यांच्या जिवावर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. शिरड शहापूरला घर आणि थोडी शेती आहे, पण माझ्या पोरीला सांभाळायला म्हणून त्या आमच्याकडे हिंगोलीत राहतात आणि महिन्यातून एकदा गावाकडं चक्कर टाकतात. अक्षरओळख नाही, पण जिभेला धार अशी की समोरच्यानं गप्पच बसावं. मी संध्याकाळी दमून आले की विचारतात, "काय मास्तरीण, झाली का तुझी भुकटी? की आजबी नुसतं ढवळूनच राहिलीस?" कमरेला चंची. तिच्यात सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी आणि मिसरीची डबी. सकाळी चुलीपुढं बसून बोटानं भाजक्या तंबाखूची मिसरी दातांना लावल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. "सोडा की आता," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू तुझी भुकटी सोड, मी माझी सोडते."

होळीनंतर आमचा एक निकाल आला. आम्ही काही पदार्थ तपासायला बाहेर पाठवले होते. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकून बघतात. त्यातल्या एका पदार्थानं पेशी मारल्या, त्याही तोंडाच्या कॅन्सरच्या. चांगल्या मारल्या. माझे तर पाय जमिनीवर ठरेनात. पेढे घेऊन घरी आले, आत्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं.

आत्यांनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही. पेढा हातातच धरून म्हणाल्या, "तोंडाच्या? तोंडाच्याच मेल्या?"

"व्हय आत्या, तोंडाच्याच. पण ताटलीतल्या. माणसातल्या न्हाई अजून."

"अन् ती भुकटी कुठली?"

मी कौतुकानं फ्रिज उघडून दाखवली. घरी कशाला ठेवली, असं विचारणाऱ्यांनी एकदा आमच्या विभागातला फ्रिज येऊन बघावा. त्यात सध्या जुनी जर्नल्स आहेत. आमच्यातला प्रत्येक जण नमुने घरीच नेतो, स्टीलच्या डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून, भाजीपासून लांब. आत्यांना मी पहिल्या दिवसापासून बजावलं होतं की ह्या डब्याला हात लावायचा नाही, हे फवारणीच्या औषधासारखं समजा. त्यांनी कधी लावलाही नव्हता. माझ्यापेक्षा त्याच जास्त जपायच्या, पोरगी फ्रिजजवळ गेली तरी ओरडायच्या.

त्यांनी पेढा खाल्ला नाही. मला वाटलं, गोड नको असेल. भाकरी वरणात कुस्करून खायला लागल्या होत्या, ठेचा तर बंदच केला होता. मी त्याचीही चेष्टा केली, "काय आत्या, दात आले का पडायला?" "तुझे पडतील आधी," त्या म्हणाल्या, आणि मी हसले.

एप्रिलात मी त्याच पदार्थाचा नवा घाणा केला, कारण तपासणीला जास्त माल हवा होता. भुकटी गाळली आणि नेमकं नळाला पाणी गेलं. धुवायची राहिली. न धुतलेली भुकटी म्हणजे कच्चा माल, भांड्यात जे जे होतं त्याचा थोडाथोडा अंश तिला चिकटलेला. पुढं सुट्ट्या होत्या. मी ती तशीच कुपीत भरून घरच्या डब्यात ठेवली, नंतर धुऊ म्हणून.

आत्या शिरडला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. कच्च्या मालाची कुपी जागेवर नव्हती. डबा पालथा केला, फ्रिज रिकामा केला, कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघितली. पोरगी! हा विचार डोक्यात आला आणि मी धावले. पण ती पलीकडच्या खोलीत चित्रं रंगवत मजेत बसली होती. तोंड उघडून बघितलं, वास घेतला. काही नाही. मग मी तिथंच फरशीवर बसले आणि मला तो हातात धरलेला पेढा आठवला.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलला तेव्हा आवाज आत्यांचा होता, पण जीभ जड होती. शब्द तोंडातल्या तोंडात अडकत होते.

"आत्या, माझी कुपी नेली का तुमी?"

तिकडं त्या थुंकल्याचा आवाज आला.

"आत्या, खरं सांगा. तुमच्या पाया पडते."

"लावली जराशी," त्या म्हणाल्या. "मिसरीवानी. गिळली न्हाई."

"काहून? काहून लावली?" मी ओरडलेच. मग ओरडून काही उपयोग नाही हे कळलं. "चूळ भरा. आत्ता. खूप पाण्यानं. आतलं काही गिळू नका. अन् बाहेर ओट्यावर बसा, लोकांच्या नजरेसमोर."

पोरीला शेजारी सोडलं. यांना, पोरीच्या बाबांना, दुकानातून बोलावून घेतलं. यांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मोटारसायकल काढली. औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांना काही सांगू शकले नाही. मग पाठीमागून कानाशी ओरडून सांगितलं. त्यांची पाठ ताठ झाली, गाडी जोरात पळायला लागली. ऊन असं की डांबर ओलं दिसत होतं.

मागच्या सीटवरून मी सरांना फोन लावला. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. सर म्हणाले, कुपी सोबत घ्या, दवाखान्यात न्या, डॉक्टरांना मॅलोनोनायट्राइलचं स्पष्ट सांगा. मी विचारलं, "सर, ते झालं उरलेल्या कच्च्याचं. पण आपला स्वतःचा पदार्थ माणसाला काय करतो?"

मी फोन कानाला घट्ट दाबला. 

"मॅडम," ते म्हणाले, "कुणालाच माहीत नाही. तो आजवर कुणाच्या तोंडात गेलेलाच नाही."

खरंच होतं. तो रेणू पृथ्वीवर नव्हता. मी हिंगोलीत, एका चिरा गेलेल्या काचेच्या भांड्यात, तो पहिल्यांदा केला. प्रबंधात हेच वाक्य मी किती मिरवून लिहिलं होतं, हा पदार्थ यापूर्वी नोंदला गेलेला नाही म्हणून. आता तेच वाक्य मला नको झालं होतं. विंचू चावला तर उतारा आहे, फवारणीचं विष गेलं तरी डॉक्टरांना ठाऊक असतं काय करायचं ते. माझ्या भुकटीवर काय द्यायचं हे कुणाला विचारायचं? मलाच. आणि मला काडीचंही माहीत नव्हतं. मी यांच्या खांद्यात नखं रुतवून बसले होते आणि मनातल्या मनात एकच चाललं होतं, श्वास चालू राहू दे, बाकी काही होऊ दे.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या, गालाला पदर लावून. शेजारच्या दोन बाया जवळ होत्या. जिवंत आहेत एवढं बघून मला रडू फुटलं. मी पदर बाजूला केला. "तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. हिरड्या, गालाची आतली बाजू, ओठांचे कोपरे, सगळं केशरी. लालसर केशरी.

 हा रंग मी रोज बघते. हा रंग उतरेपर्यंत मी ढवळत बसते. रंग उतरलेला नाही म्हणजे काम झालेलंच नाही, आयसॅटिन तसंच आहे, आणि तो दुसराही तसाच आहे, आत्यांच्या तोंडात, त्या ओल्या कातडीतून आत उतरतोय. मी चांगली गाळली होती भुकटी, पांढरी होती की! की नव्हती? मला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा वाटेना.

"डोकं दुखतंय का? गरगरतंय का? श्वास?"

"तूच गरगरून राहिलीस," आत्या जड जिभेनं म्हणाल्या. "खाली बस."

जवळच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आत्यांना आडवं केलं, नाकाला ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला आणि मला विचारलं, "काय घेतलंय?" मी नाव सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी रेणूचं पूर्ण नाव सांगितलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं. "हे कुठल्या कंपनीचं?"

"माझं आहे," मी म्हणाले. "मी केलंय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण बाई कामाच्या होत्या. नांदेडला फोन करून विचारलं, सलाईन सुरू केलं, नर्सला तोंड पुसून काढायला सांगितलं. मी आत्यांचा हात धरून बसले आणि छातीकडं बघत राहिले. वर. खाली. वर. जरा उशीर झाला की माझा जीव जायचा.

तो हात माझ्या नाकाजवळ होता. रडताना मी तो तोंडाला लावला आणि वास आला. मी डोकं वर केलं. पुन्हा वास घेतला, तर्जनीचा. हळद! हळद आणि तंबाखू. बोटाच्या पेरावर चुना वाळून बसला होता.

हळदीत चुना पडला की ती लाल होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच हा प्रयोग करून दाखवते, दर वर्षी. ज्या हिंगोलीत हळदीची पोती उघडली की अख्ख्या बाजाराला शिंका येतात, त्या गावात राहून मला हळद ओळखता आली नाही. भीतीनं डोकं असं बंद पडतं.

"आत्या, हळद कशात कालवली?"

"तुझ्या भुकटीत. अन् चुना. भुकटी नुसती बसंना फोडावर."

चंचीतून कुपी काढली. आतली भुकटी पांढरीशुभ्र होती. मी ती खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितली, केशरी कणही नव्हता. वरची थोडीशीच कमी झाली होती, चिमूटभरही नाही. जीभ चुन्यानं पोळली होती. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा मला हसू आणि रडू एकदम यायला लागलं. "तरी संध्याकाळपर्यंत हलू देणार नाही," त्या म्हणाल्या. नकाच हलवू, मी म्हणाले. न धुतलेली होती ती, आणि धुतलेली असती तरी मला काय माहीत होतं!

ऊन कलल्यावर मशीनचे आकडे बरोबर होते, जीभ सुटली होती, आणि आत्यांनी चहा मागितला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत डॉक्टरीणबाई बॅटरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आजी, तो फोड दाखवा." बराच वेळ बघत राहिल्या. बोटानं दाबून बघितलं. मानेखाली चाचपलं. मग बॅटरी बंद करून यांना बाहेर बोलावलं, आणि मी मागोमाग गेले. त्या म्हणाल्या, पावडरीची काळजी सोडा, हे किती दिवसांपासून आहे?

आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधीपासून होतं, हे आत्यांनी मग सांगितलं. एकाच घरात आम्ही जेवत होतो.

माझं डोकं फिरलं. आत जाऊन मी आत्यांना बोल बोल बोलले. विष आहे म्हणून सांगितलं होतं ना? फवारणीचं औषध कुणी तोंडाला लावतं का? काही झालं असतं म्हणजे? आत्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तूच म्हणलीस, माणसातल्या न्हाई अजून. म्हणजे कोणाला तरी पहिल्यांदा लावावीच लागंल का न्हाई? मग परक्याचं लेकरू कशाला? मला झालंयच. लागू पडली तर तुझी डिग्री व्हईल, अन् न्हाई पडली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि चहाचा कप उचलला.

मी तिथंच, सगळ्या वॉर्डासमोर, लहान पोरीसारखी रडले.

फोडाचा तुकडा काढून तपासला. तेच निघालं. गाल कापावा लागणार होता, जबड्याचा थोडा भागही. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनचा दिवस ठरला. तोवरच्या काळात मी विभागात गेले नाही असं नाही. गेले. कच्चा माल धुतला, वाळवला, तपासणीला पाठवला. पण भांड्यात रंग उतरायला लागला की मला आत्यांचं उघडं तोंड दिसायचं आणि मी चमचा खाली ठेवून बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहायचे. आताही येते.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना हिरवा झगा घातला होता. चंची माझ्याकडं दिली होती, आत फक्त सुपारी. हे कागदांवर सह्या करायला गेले होते. आत्यांनी मला जवळ बोलावलं.

"आता खरं सांग. डॉक्टरबी न्हाईत हितं. ती धुतलेली भुकटी लावली तर न्हाई का जमणार? गाल ऱ्हाईल माझा."

मला उत्तर पाठ आहे. सभागृहात कितीदा दिलंय. आधी उंदरांवर, मग इतर प्राण्यांवर, मग निरोगी माणसांवर, मग रोग्यांवर, आणि शेकडोंतला एखादाच शेवटपर्यंत जातो, वर्षानुवर्षं लागतात. त्यातलं एक अक्षरही तोंडातून निघेना.

"न्हाई, आत्या," मी म्हणाले. "न्हाई जमणार."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"मग एवढे दिवस कोणासाठी करून राहिलीस गं?"

 वॉर्डबॉयनं गाडा ढकलला, दार उघडलं, आणि त्या मान वळवून उत्तराची वाट बघत आत गेल्या.